धडधड थांबण्याआधी पट्टी

सालेकसा किंवा देवरीच्या गावातून निघालेला रुग्ण गोंदियाला आणि तिथून पुढे नागपूरला पोहोचेपर्यंत छातीतली धडधड बरेचदा थांबलेली असते. ईसीजी साफ येतो. रुग्ण बाई असेल तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून ती परतते. म्हणून माझ्या मते अशा धडधडीत सर्वांत मोलाचा कागद, म्हणजे ईसीजीची पट्टी, तालुक्याच्या दवाखान्यात, धडधड चालू असतानाच निघतो.

वेगवान नाडी म्हणजे दरवेळी हृदयाचा बिघाड नव्हे. रोवणीच्या दिवसांतला ताप, जुलाब, रक्ताची कमतरता, सिकलसेलचा त्रास, थायरॉइड यांत नाडी हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते. तिथे उपचार मूळ कारणावर करायचा, नाडीवर नव्हे. बटण दाबावं तशी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, मिनिटाला 150 ते 220 ठोक्यांची, घड्याळासारखी नियमित धडधड वेगळी. तिला एसव्हीटी म्हणतात. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडमध्ये काहींना जन्मतः दोन वाटा असतात. विद्युतलहर एकीने उतरते, दुसरीने परत चढते आणि गोल फिरत राहते. एसव्हीटीचा हा सर्वाधिक आढळणारा प्रकार.

हे वर्तुळ नोडपाशी क्षणभर तोडलं की पुरे. 10 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने रुग्णाला 15 सेकंद फुंकायला लावायचं, लगेच उताणं निजवून पाय 15 सेकंद वर धरायचे. 2015 च्या ब्रिटिश चाचणीत या पद्धतीने 43 टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली. नुसत्या फुंकण्याने 17 टक्क्यांचीच. नाही जमलं तर दवाखान्यात ॲडेनोसिन 6 मिलिग्रॅम, कोपराच्या शिरेतून, झटक्यात. काही सेकंद जीव गेल्यासारखं वाटतं, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं. दमा असेल तर हे औषध जपून.

नाडी वेगवान पण बेताल असेल तर एट्रियल फिब्रिलेशनचा संशय घ्यावा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांत त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते.

पट्टीवर क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची टोकदार लाट, तीन छोट्या चौकोनांहून रुंद दिसली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती धडधड व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांतूनच उठलेली, समजावी. तिथे व्हेरापामिल हे औषध जिवावर बेतू शकतं. रक्तदाब पडला, शुद्ध हरपली, छातीत दुखू लागलं, तर औषधांत वेळ न घालवता लयीशी जुळवलेला शॉक. नाडीच लागत नसेल तर तत्काळ छाती दाबणं आणि डिफिब्रिलेटर. घरी असाल तर 108 ला फोन.

पट्टीचा कागद पुसट होतो. मोबाइलवर तिचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि पुढच्या डॉक्टरांना तोच आधी दाखवा.