एका नटामागचा इतिहास: मोटारीचे स्टिअरिंग आणि ते काढण्याची रीत

१/२२
मोटारीचे स्टिअरिंग बहुधा मधोमध असलेल्या एकाच नटाने किंवा बोल्टने दांड्यावर आवळलेले असते. १९६० च्या सुमाराच्या मोटारीत हॉर्नचे बटण काढून तो नट सोडवला की काम जवळजवळ संपत असे. आजच्या मोटारीत मात्र नटाला पाना लावण्यापूर्वी बॅटरी सोडवावी लागते आणि त्यानंतर काही मिनिटे काहीही न करता थांबावे लागते. हे थांबणे का आवश्यक झाले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/२२
प्रारंभी मोटारीला गोल चाक नव्हतेच. १८८६ साली कार्ल बेंझने पेटंट घेतलेली तीनचाकी गाडी एका छोट्या दांड्याने वळवली जाई. त्या काळातील अनेक गाड्यांना होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. वेग बैलगाडीहून थोडाच अधिक असेपर्यंत हे पुरेसे होते. वेग वाढला तसा रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याचा हिसका दांड्यावाटे थेट चालकाच्या हाताला बसू लागला.

३/२२
२२ जुलै १८९४. ‘ल पती जुर्नाल’ या फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी १२६ किलोमीटरची मोटारींची चाचणी-शर्यत आयोजित केली होती. तीत आल्फ्रेड व्हाशरों हा स्पर्धक आपल्या पॅनार्ड गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवून उतरला. मोटारीला स्टिअरिंगचे चाक लावण्याचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते.

४/२२
१८९८ साली पॅनार्ड कंपनीच्या आर्थर क्रेब्ज यांनी पॅरिस-ॲम्स्टरडॅम शर्यतीच्या गाडीत हे चाक तिरप्या दांड्यावर बसवले. बसल्या जागी हात सहज पोहोचत, जोरही लावता येई. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी पर्यंत गोल चाक सर्वमान्य झाले होते. परंतु या सोयीबरोबर एक गोष्ट नकळत घडली. लांब पोलादी दांड्याचे वरचे टोक चालकाच्या छातीकडे रोखले गेले.

५/२२
दांड्याचे खालचे टोक गाडीच्या पुढील भागातील स्टिअरिंग बॉक्सला जोडलेले असे. अनेक गाड्यांत हा बॉक्स पुढच्या आसाच्याही पुढे होता. समोरासमोर टक्कर झाली की सर्वप्रथम तोच मागे ढकलला जाई आणि त्याच्याबरोबर अखंड पोलादी दांडाही. त्याच क्षणी चालकाचे शरीर पुढे फेकले जात असे. दोघांची गाठ छातीपाशी पडे. परिणाम भाला घुसावा तसा होई.

६/२२
ही रचना सुमारे सत्तर वर्षे मूलतः तशीच राहिली. अपघात म्हणजे चालकाची चूक, हा त्या काळचा प्रचलित समज होता. रस्ते सुधारावेत, चालकांना शिस्त लावावी, परवाने नीट तपासून द्यावेत, यांवर भर असे. अपघात घडल्यानंतर गाडीच्या आत माणसाचे नेमके काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

७/२२
तो प्रश्न विचारणाऱ्यांत ह्यू डीहेवन अग्रभागी होते. १९१७ साली रॉयल फ्लाइंग कॉर्प्समध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत असताना त्यांच्या विमानाची हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. ते वाचले, पण पोटातील अवयवांना गंभीर इजा झाली. पुढे त्यांच्या ध्यानात आले की ही इजा पडण्यामुळे जितकी, त्याहून अधिक पट्ट्याच्या कठीण बकलामुळे झाली होती.

८/२२
१९४२ साली डीहेवन यांनी ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष साधा होता: आघात अधिक जागेवर आणि किंचित अधिक काळात विभागला गेला, तर मानवी शरीर कल्पनेपलीकडचा धक्का सोसू शकते. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मोटार अपघातांच्या नोंदी जमवण्याचे काम उभे केले. इजा करणाऱ्या भागांत स्टिअरिंगचे नाव वारंवार येऊ लागले.

९/२२
यातून ‘दुसरी टक्कर’ ही संकल्पना रुजली. पहिली टक्कर गाडीची, समोरच्या वस्तूशी. दुसरी टक्कर माणसाची, स्वतःच्याच गाडीशी. पहिली प्रत्येक वेळी टाळता येणार नाही. दुसरी मात्र सौम्य करता येईल. एकदा हे मान्य केले की स्टिअरिंग हे केवळ गाडी वळवण्याचे साधन उरत नाही. चालक ज्यावर आदळणार आहे, तो पृष्ठभाग म्हणून त्याचा विचार करावा लागतो.

१०/२२
जर्मनीत डायम्लर-बेंझचे अभियंते बेला बारेनी याच दिशेने काम करत होते. गाडीचा पुढचा-मागचा भाग चुरगळावा आणि मधला कक्ष शाबूत राहावा, ही त्यांची कल्पना १९५९ च्या मर्सिडीज मोटारीत उतरली. त्याच गाडीच्या स्टिअरिंगच्या मध्यभागी मऊ गादी होती. टक्कर होताच आखडणाऱ्या सुरक्षित दांड्यावरही त्यांनी वर्षानुवर्षे काम केले.

११/२२
अमेरिकेत हा विषय जनतेसमोर आणला राल्फ नेडर या तरुण वकिलाने. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील एक संपूर्ण प्रकरण ‘दुसऱ्या टकरी’वर आहे. वर्षभराच्या आत, ९ सप्टेंबर १९६६ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

१२/२२
१९६७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या बहुतेक गाड्यांत आखडणारा स्टिअरिंग कॉलम दिला. एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि त्यांना जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या खिळ्या. जोराचा आघात झाला की खिळ्या तुटतात, नळ्या एकमेकींत शिरतात आणि दांडा आखूड होतो. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियम लागू झाला: ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या चाचणी-टकरीत कॉलम १२७ मिलिमीटरहून अधिक मागे येता कामा नये.

१३/२२
स्टिअरिंग काढण्याची रीत येथे पहिल्यांदा बदलली. चाक दांड्यावरील खाचांत घट्ट बसलेले असते आणि वर्षानुवर्षे गंजून चिकटते. जुने कारागीर दांड्याच्या टोकावर हातोडीचा दणका देऊन ते सैल करत. आखडणाऱ्या कॉलमला तोच दणका टकरीसारखा बसतो. आतल्या खिळ्या तुटू शकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून हातोडी वर्ज्य झाली आणि ‘पुलर’ नावाचे ओढून काढणारे अवजार अनिवार्य ठरले.

१४/२२
दुसरा बदल याहून मोठा होता. १९५२ च्या वसंतात पेनसिल्व्हेनियातील अभियंता जॉन हेट्रिक पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह मोटारीने जात असताना रस्त्यात खडक आडवा आला. गाडी चरात गेली. आईबापांचे हात आपोआप मुलीच्या पुढे झाले. कोणाला इजा झाली नाही, पण हाताऐवजी एखादी वस्तू अशी आडवी का येऊ नये, हा विचार हेट्रिक यांच्या मनातून गेला नाही.

१५/२२
युद्धकाळात नौदलात काम करताना, टॉर्पिडोतील दाबाखालची हवा अचानक सुटून त्यावरचे कापडी आवरण वर उडालेले त्यांनी पाहिले होते. त्या आठवणीतून त्यांनी हवेने फुगणाऱ्या गादीचे आरेखन केले. १८ ऑगस्ट १९५३ रोजी त्याचे पेटंट मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत वाल्टर लिंडेरर यांनीही अशाच कल्पनेचे पेटंट घेतले. वाहन कंपन्यांनी रस दाखवला नाही. पेटंटची मुदत संपली, पण त्यातून हेट्रिक यांना उत्पन्न मिळाले नाही.

१६/२२
अडचण वेळेची होती. टकरीनंतर सुमारे ५० मिलिसेकंदांच्या आत पिशवी पूर्ण फुगायला हवी. पापणी लवायला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. दाबाखालची हवा इतकी चपळ नव्हती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲलन ब्रीड यांनी टक्कर ओळखणारा विश्वासार्ह संवेदक तयार केला. त्यानंतर हवेची जागा रसायनाने घेतली. सोडियम ॲझाइडसारखा पदार्थ ठिणगी लागताच विघटित होऊन क्षणार्धात नायट्रोजन वायू सोडतो.

१७/२२
स्पष्ट शब्दांत सांगायचे तर चालकाच्या पुढ्यात एक छोटा नियंत्रित स्फोट ठेवला गेला. १९७३ साली ओल्ड्समोबिल टोरोनॅडो ही एअरबॅगसह सामान्य ग्राहकाला विकली गेली. पुढील काही वर्षांत जनरल मोटर्सच्या अशा सुमारे दहा हजारच गाड्या खपल्या. १९८१ पासून मर्सिडीजच्या एस-क्लासने एअरबॅगला सीटबेल्टची जोड दिली. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींत पुढच्या दोन्ही एअरबॅगा सक्तीच्या झाल्या.

१८/२२
आता थांबण्याचे कारण. टकरीत बॅटरी चिरडली किंवा तिची तार तुटली तरी एअरबॅग उघडली पाहिजे. म्हणून तिच्या नियंत्रकात विद्युतभार साठवणारा कपॅसिटर असतो. जे उपकरण अपघातात जीव वाचवते, तेच बॅटरी काढल्यानंतरही एअरबॅग जागी ठेवते. हा साठा ओसरू द्यावा लागतो. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दीड मिनिट सांगितलेले असते, काहींत दहा मिनिटे. त्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण.

१९/२२
म्हणून घरी हे काम करणाऱ्याचा क्रम ठरलेला आहे. पुढची चाके सरळ, इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार प्रथम सोडवायची, मग प्रतीक्षा. अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श. एअरबॅगच्या जोडण्या सहसा पिवळ्या असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही, कारण त्याचा क्षीण प्रवाहही धोक्याचा. काढलेली एअरबॅग अंगापासून दूर रोखून न्यायची आणि मऊ बाजू वर ठेवून एकांतात ठेवायची. पालथी ठेवलेली उडाली तर धातूचा भाग क्षेपणास्त्र होतो.

२०/२२
त्यानंतर नट. दांडा व चाक यांवर जुळणारी खूण करायची. नट सैल करायचा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्यायचा. नाहीतर पुलर लावल्यावर सुटलेले चाक थेट तोंडावर येते. चाकामागील ‘क्लॉक स्प्रिंग’, म्हणजे वळणाऱ्या चाकापर्यंत वीज नेणारी पट्टीची गुंडाळी, जागची फिरू द्यायची नाही. फिरल्यास ती पुढे तुटते. परत बसवताना मॅन्युअलमध्ये असेल तर नवा नट, ठरलेल्या टॉर्कने. बॅटरी सर्वांत शेवटी, गाडीत कोणी नसताना.

२१/२२
या रसायनाचा धोका काल्पनिक नाही. टकाटा कंपनीच्या एअरबॅगांतील अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडले. फुगताना धातूचे डबे फुटून तुकडे चालकांना लागले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ साली कंपनी दिवाळखोर झाली. भारतात चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या कारागिराला आणि आजच्या छोट्या मोटारीच्या मालकाला म्हणूनच एकच रीत चालत नाही.

२२/२२
जुन्या मोटारीचे स्टिअरिंग काढताना निरुपद्रवी असे आणि चालवताना घातक. नव्या मोटारीत हे उलटले: टकरीत ते चालकाला वाचवते, आणि खबरदारी काढणाऱ्याने घ्यायची असते. हातोडी टाळण्यामागे १९६७ चा आखडणारा कॉलम आहे आणि त्या काही मिनिटांच्या प्रतीक्षेमागे चरात गेलेल्या गाडीत मुलीपुढे आडवे आलेले दोन हात. मॅन्युअलमधील ती ओळ घाईत गाळण्यासारखी नाही. (समाप्त)