खराब हवामानात उतरताना होणारे प्रवासी विमानांचे अपघात

प्रवासी विमान विमानतळाजवळ येऊन खाली उतरू लागल्यापासून धावपट्टीवर थांबेपर्यंतच्या टप्प्यात पाऊस, धुके, वादळी वारा किंवा बर्फ यांच्या प्रभावाखाली होणारे अपघात. संपूर्ण उड्डाणाच्या मानाने ही शेवटची मिनिटे थोडी असतात, पण जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा याच मिनिटांत पडतो. विमान या वेळी जमिनीलगत असते आणि त्याचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो. पंखांना उचल देणारी हवा जेमतेम पुरेशी असते. दहा हजार मीटर उंचीवर झालेली चूक सुधारायला वेळ मिळतो. शंभर मीटरवर तो सेकंदांत मोजावा लागतो. चौकशी अहवालांत बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. हवामान वेळ, उंची आणि अंतराची शिल्लक आधीच खाऊन टाकते. त्यानंतर एखादे बिघडलेले साधन, चुकलेला आकडा किंवा 'आता उतरायचेच' असा हट्ट पुरेसा ठरतो.

उतरण्याची रीत ठरलेली आहे. विमान धावपट्टीकडे सुमारे तीन अंशांच्या उताराने येते. मोठ्या जेट विमानाचा वेग या वेळी १४० नॉटच्या आसपास असतो आणि ते मिनिटाला साधारण ७०० ते ७५० फूट खाली येते. ढगांतून येताना जमिनीपासून १,००० फुटांवर पोहोचेपर्यंत चाके व फ्लॅप बाहेर आलेले असावेत, वेग आणि उतरण्याचा दर ठरल्याप्रमाणे असावा, असा नियम बहुतेक कंपन्या पाळतात. याला स्थिर अवतरण म्हणतात. दिशा आणि उतार दाखवणारे रेडिओ संकेत आयएलएस ही यंत्रणा पुरवते. तिच्या सर्वांत साध्या श्रेणीत वैमानिकाला २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावे लागतात. दिसले नाहीत तर इंजिनांची ताकद वाढवून पुन्हा वर जायचे. या कृतीला वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात. खराब हवामानातील बहुतेक अपघातांची कहाणी ही न केलेल्या गो-अराउंडची कहाणी आहे.

दृश्यमानता कमी असताना सुस्थितीतले विमान वैमानिकाच्या ताब्यात असूनही डोंगरावर जाऊन आदळते. सह्याद्रीने अशी विमाने पाहिली आहेत. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात पावसाळी हवेत घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि सर्व ४५ जण दगावले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलिटालियाचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर कोसळले. ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. दिशा-अंतराचा हिशेब चुकल्याने वैमानिकाला आपण मुंबईच्या जास्त जवळ आहोत असे वाटले आणि विमान वेळेआधी खाली आले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. जुलैच्या रात्री घाटमाथ्यावर ढग बसलेले असताना खिडकीतून डोंगर दिसण्याची शक्यता नसते. डॉ. होमी भाभा ज्यात होते ते एअर इंडियाचे बोइंग ७०७ 'कांचनजंगा' विमानही २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लांवर आदळले, आणि तेथेही पर्वताच्या संदर्भात विमान नेमके कुठे आहे याचा अंदाज चुकला होता. ११७ जणांचा त्यात अंत झाला. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारी उपकरणे सक्तीची झाल्यानंतर या जातीचे अपघात बरेच कमी झाले.

उंची दाखवणारे उपकरण मुळात हवेचा दाब मोजते. कमी दाबाचे क्षेत्र आले की विमानतळावरचा दाब उतरतो आणि नवा आकडा उपकरणात भरावा लागतो. तो १० हेक्टोपास्कलने चुकला तरी सुमारे २७० ते ३०० फुटांचा फरक पडतो. म्हणजे २०० फुटांचा निर्णय घेण्याची वेळ येण्याआधीच जमीन येऊन भिडू शकते. काचेवरून वाहणारे पाणी प्रकाश वळवते आणि धावपट्टी असते त्याहून खाली असल्याचा भास होतो. रात्र आणि पाऊस एकत्र आले की उंचीचे भान सुटणे सोपे असते. २२ जून १९८२ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ मुसळधार पावसात मुंबईला उतरताना कोसळले आणि १११ पैकी १७ जणांचा मृत्यू झाला. उंचीचे भान न राहिल्याने इंजिनांची ताकद वेळेआधी कमी केली गेली, असे चौकशीत निघाले.

वाऱ्याचा धोका यापेक्षा फसवा असतो. वादळी ढगाखाली थंड हवेचा लोट कधी कधी सरळ जमिनीवर आदळतो आणि सर्व बाजूंना पसरतो. चार किलोमीटरांहून कमी व्यासाच्या अशा लोटाला मायक्रोबर्स्ट म्हणतात; त्याचे आयुष्य काही मिनिटांचे असते. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागतो, उचल वाढते, म्हणून वैमानिक ताकद कमी करतो. लगेच विमान खाली ढकलणारा झोत येतो आणि पाठोपाठ मागचा वारा. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग क्षणात घटतो, आणि नेमकी त्याच वेळी इंजिने मंद असतात. जेट इंजिनाला पूर्ण ताकद यायला काही सेकंद लागतात. तेवढे हातात नसतात.

ही गोष्ट उलगडण्याचे श्रेय शिकागो विद्यापीठातील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांना जाते. १९४५ मध्ये त्यांनी हिरोशिमा आणि नागासाकीतील विध्वंस पाहिला होता. वरून झालेल्या आघाताने झाडे व खांब चांदणीसारखे बाहेरच्या दिशेला कसे पडतात, हे त्यांच्या लक्षात राहिले, आणि पुढे अमेरिकेतल्या वादळांनंतर जंगलात त्यांना तशीच आकृती दिसली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे बोइंग ७२७ कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली. त्याच्या अभ्यासातून त्यांनी खाली फुटणाऱ्या वाऱ्याची कल्पना मांडली. अनेक हवामानतज्ज्ञांना ती सुरुवातीला पटली नाही. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसजवळ डेल्टा कंपनीचे ट्रायस्टार विमान अशाच लोटात सापडले आणि जमिनीवरील एका मोटारचालकासह १३७ जण मरण पावले. त्यानंतर वैमानिकांचे खास प्रशिक्षण, विमानतळांवर डॉप्लर रडार आणि विमानात इशारा देणारी साधने अमेरिकेत आली. १९९४ मध्ये शार्लट येथे ३७ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर मायक्रोबर्स्टने अमेरिकेतील मोठे प्रवासी विमान पाडल्याची नोंद नाही. एका माणसाने चिकाटीने लावून धरलेल्या निरीक्षणाचे एवढे स्पष्ट फळ हवाई इतिहासात फार थोड्या वेळा दिसते.

चाके जमिनीला लागली म्हणजे धोका संपला, असे नाही. थांबण्यासाठी विमानाला आपली गतिज ऊर्जा संपवावी लागते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेतला वेग १४० नॉट असताना पाठीमागून १४ नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १५४ नॉट होतो. वेग एक दशांशाने वाढला तरी ऊर्जा जवळपास २१ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच विमाने शक्यतो वाऱ्याला सामोरी उतरवतात. धावपट्टीवर पाणी साचले असेल तर टायर आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, चाक तरंगू लागते आणि ब्रेक जवळजवळ निकामी होतात. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. पाणी निघून जावे म्हणून धावपट्टीवर आडव्या खाचा पाडतात. टायरच्या रबराचे थर वेळच्या वेळी काढले नाहीत तर त्या बुजतात. पंखांवरचे स्पॉयलर उघडून उचल मोडावी लागते, तेव्हाच वजन चाकांवर येते. १ जून १९९९ रोजी लिटल रॉक येथे वादळात उतरलेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचे स्पॉयलर उघडलेच नाहीत. ते धावपट्टीबाहेर गेले आणि ११ जण दगावले. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान पुढे निघून गेले. जीवितहानी झाली नाही, पण धावपट्टी काही दिवस बंद ठेवावी लागली.

हिमवर्षावाच्या प्रदेशात पंखांवर साचलेला बर्फ त्यांचा आकार बिघडवतो आणि विमान अपेक्षेपेक्षा जास्त वेगातच उचल गमावते. भारतातील प्रवासी वाहतुकीत डिसेंबर-जानेवारीतील उत्तरेकडचे धुके आणि मोसमी पाऊस हे दोन प्रश्न त्याहून मोठे आहेत.

गो-अराउंडही जोखमीपासून मुक्त नाही. अंधारात इंजिनांची ताकद एकदम वाढली की कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये वेगवाढीला चढ समजतात. विमान फार वर उचलले गेले असे वाटून वैमानिक त्याचे नाक खाली दाबतो. १९ मार्च २०१६ रोजी रशियातील रोस्तोव-ऑन-डॉन येथे फ्लायदुबईचे बोइंग ७३७ वादळी वाऱ्यामुळे दोन तास घिरट्या घालून दुसऱ्यांदा उतरू लागले, पुन्हा वर निघाले आणि सरळ जमिनीवर आदळले. सर्व ६२ जण ठार झाले. दमलेल्या वैमानिकाला आपल्या शरीरापेक्षा समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो सरावानेच येतो.

ही सगळी कारणे कशी एकत्र येतात हे ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघातात दिसते. कोरोनाकाळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेखाली एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ दुबईहून १८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी घेऊन आले. विमानाचे कप्तान दीपक साठे वायुसेनेतील माजी विंग कमांडर होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते शिकलेले होते आणि त्यांच्या गाठी दहा हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते. मलप्पुरम जिल्ह्यातील करिपूरचा हा विमानतळ टेबलटॉप, म्हणजे टेकडीचा माथा सपाट करून बांधलेला. धावपट्टीच्या टोकापलीकडे उतार. पाऊस जोरात होता. पहिल्या प्रयत्नात कप्तानाच्या बाजूचा काचेवरचा वायपर बंद पडला आणि विमान वर न्यावे लागले. दुसरा प्रयत्न विरुद्ध बाजूने, पाठीमागून वारा असताना झाला. अवतरण स्थिर नव्हते. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकले, म्हणजे निम्मी धावपट्टी तोवर संपली होती. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते, तरी ते उतरवले गेले. विमान टोकाबाहेर गेले, सुमारे ११० फूट खालच्या रस्त्यावर पडले आणि त्याचे तीन तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत अहवालाने कार्यपद्धती न पाळणे हे संभाव्य कारण ठरवले. सहवैमानिकाने विमान आपल्या ताब्यात घ्यायला हवे होते, असेही त्यात आहे. पण अहवाल तेथे थांबला नाही. कोळिकोडला कप्तान पुरेसे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी याच कप्तानांना परत तेथे असणे भाग होते. विमान दुसरीकडे नेले असते तर ते उड्डाण अडचणीत आले असते. कोणी 'उतराच' असा आदेश दिला नव्हता. वेळापत्रकाने माणसाच्या मनावर टाकलेले ओझे त्याहून कमी नसते. या भागासाठी हा अहवाल प्रत्येक विमान कंपनीच्या व्यवस्थापनाने वाचायला हवा.

याआधी २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवर त्याच कंपनीचे विमान दरीत जाऊन १५८ जण गेले होते. तेव्हा हवामान चांगले होते. तेथेही अवतरण अस्थिर होते आणि तेथेही सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले होते. खराब हवेने जे घडते तेच निरभ्र सकाळी घडू शकते, हे या दोन अपघातांच्या साम्यातून कळते. कनिष्ठाने वरिष्ठाला स्पष्ट शब्दांत रोखावे आणि वरिष्ठाने ते ऐकावे, हे आता प्रशिक्षणात शिकवले जाते. आपल्याकडे हाताखालच्या माणसाने बोलणे उद्धटपणाचे मानले जाते, म्हणून ते विशेष नेटाने शिकवणे गरजेचे आहे.

धावपट्टीच्या टोकाशी राखलेली मोकळी जागा ही शेवटची तटबंदी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ती २४० मीटर असावी अशी शिफारस करते. जागा नसेल तेथे चाकांखाली चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचा थर घालतात. त्यात चाके रुतून विमान थांबते. २ ऑगस्ट २००५ रोजी टोरांटोला वादळात एअर फ्रान्सचे एअरबस ए-३४० विमान ९,००० फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ३,८०० फूट पुढे टेकले आणि टोकापलीकडच्या घळीत जाऊन जळाले. ३०९ पैकी प्रत्येक जण वेळेत बाहेर पडला. कोळिकोडला इंधन सांडूनही आग लागली नाही, आणि कोंडोट्टी परिसरातील लोक साथीची भीती बाजूला ठेवून भर पावसात जखमींना मिळेल त्या वाहनातून रुग्णालयात नेत राहिले. त्या विमानातील १९० पैकी १६९ जण वाचले.