इमारत धोकादायक कशी होते

पावसाळा तोंडावर आला की म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींची यादी जाहीर करते, महापालिका आपली वेगळी यादी काढते आणि गिरगाव, काळबादेवी, डोंगरी, भायखळा या भागांतल्या जिन्यांवर घरे रिकामी करण्याच्या नोटिसा चिकटतात. बातमीत इमारतीचे वय आवर्जून दिलेले असते, जणू शंभरी भरणे हेच पाडण्याचे कारण. हा समज तपासून घ्यायला हवा. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याला ७४ माणसांचा जीव घेणारी इमारत बांधून पुरीही झाली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉकयार्ड रोडला महापालिकेच्याच मालकीची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण गेले, ती जेमतेम तिशी ओलांडलेली होती. उलट मुंबईत दीडशे वर्षांच्या इमारती निर्धास्त वापरात आहेत. मुंबईतले जुने घर कोसळण्याच्या बेताला येते ते वयाने कमी आणि हिशेबाने जास्त, असे माझे म्हणणे आहे. हा हिशेब सव्वाशे वर्षांत तीनदा बदलला. तिन्ही वेळा पाडण्याचा निर्णय तंत्रज्ञानाच्या भाषेत मांडला गेला, आणि तिन्ही वेळा आत राहणाऱ्यांचा विचार मात्र सर्वांत शेवटी झाला.

पहिला हिशेब प्लेगचा. १८९६ मध्ये मांडवीत साथ सुरू झाली आणि रोग घरातच दडलेला आहे या समजुतीने सरकारने घरांवर मोर्चा वळवला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, कायद्याने स्थापन झाले. नागपाड्यात वस्ती उठवणे, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापणे ही त्याची सुरुवातीची कामे. रस्ते झाले, हवा आली, यात वाद नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने बांधल्या त्यापेक्षा जास्त खोल्या पाडल्या. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत जाऊन तिथली गर्दी वाढवू लागली. त्यातून भरपाई ठरायची ती भाड्याच्या उत्पन्नावरून. म्हणजे खोलीत जितकी माणसे कोंबली, तितकी मालकाची रक्कम मोठी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना पुढे हे कळून चुकले. सरसकट पाडापाडीऐवजी त्यांनी इमारतींमधल्या उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला, आणि दादर-माटुंग्याला नव्या वसाहती उभ्या करण्यावर ट्रस्टचा भर वाढला. त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस अख्खी वस्ती साफ करण्याऐवजी नेमके तेवढेच काढावे असे सांगत होते. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा सल्ला मात्र मुंबईने वाचला आणि कपाटात ठेवला.

दुसरा हिशेब भाड्याचा, आणि खरी मेख इथे आहे. या इमारती बहुतेक सागवानी सांगाड्याच्या किंवा विटांच्या भारवाहक भिंतींच्या. तुळयांवर फळ्या, त्यावर चुन्याचा कोबा आणि वर लादी. लाकूड उघड्यावर, वारा लागत असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ते कुजते तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी, आणि तेही जिथे मोरी किंवा सामाईक संडास त्या भिंतीला लागून आहे तिथे. गळका नळ, तुंबलेली पन्हळ, फुटलेले कौल, भिंतीत उगवलेला पिंपळ ही सारी दुखणी स्वस्तात बरी होणारी आहेत, अट एवढीच की ती दरवर्षी बघितली पाहिजेत. दरवर्षी बघणारा माणूस म्हणजे घरमालक. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्याचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. फाळणीनंतरच्या घरटंचाईत तो कायदा हवाच होता. चुकले ते पुढे. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धे शतक चालला. भाड्यातून रंगसफेदीसुद्धा निघेना, तेव्हा मालकाने डागडुजी सोडली आणि पागडीवर, म्हणजे नव्या भाडेकरूकडून घ्यायच्या एकरकमी पैशांवर, मन रमवले. बेकायदा असूनही ती सर्रास चालली. तिला कायद्याची मान्यता मिळायला १९९९ चा कायदा यावा लागला. गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. तोवर तुळया कुजून गेल्या होत्या.

इमारती कोसळू लागल्यावर सरकारने बेडेकर समिती नेमली आणि १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. दक्षिण मुंबईतल्या १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या, त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. रहिवाशांनी उपकर भरायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची, ही कल्पना उत्तम होती. पण कायद्यात चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा होती, आणि दुरुस्ती त्यापलीकडे गेली की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवता येत असे. हा मुद्दा सहसा कोणी उलगडून सांगत नाही. ‘दुरुस्तीपलीकडे’ हा शब्द तुळईची अवस्था सांगत नाही, सरकारने त्या वर्षी किती पैसे द्यायचे ठरवले ते सांगतो. मर्यादा वाढवली की तीच इमारत पुन्हा दुरुस्त होण्याजोगी होते. दरम्यान लाकडी टेकू लागतात, ते वर्षानुवर्षे तसेच राहतात, आणि पाडलेल्या घरांतली माणसे संक्रमण शिबिरात जातात. तिथे पुढची पिढी वाढलेली कुटुंबे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

तिसरा हिशेब जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३ (७) या नियमाने उपकरप्राप्त इमारत पाडून बांधणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र दिले. भाडेकरूंना नवी घरे फुकट, आणि उरलेले बांधकाम विकून विकासकाचा नफा. यातून चांगल्या इमारतीही उभ्या राहिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण इमारत मोडकळीला येणे हीच आता मिळकत झाली. दुरुस्ती करणारा मालक वेडा ठरू लागला. १८८८ च्या महापालिका कायद्याचे कलम ३५४ पडायला आलेले बांधकाम हटवण्यासाठी आहे. तेच कलम हट्टी भाडेकरूला बाहेर काढण्याची किल्ली म्हणूनही दिसू लागले. त्यात केरळच्या एका दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की वास्तू नष्ट झाली की भाडेकरार संपतो. म्हणजे पाडले की हक्कही गेला. सांगली जिल्ह्यातल्या एका पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात २०१४ मध्ये मोठ्या पीठाने हे मत बदलले, कारण भाडेकरार जमिनीसकट असतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढच्या प्रकरणातून महापालिकेची कार्यपद्धती आखली गेली. धोक्यानुसार इमारतींची सी-१ ते सी-३ अशी वर्गवारी, संरचनात्मक तपासणीचे दोन अहवाल परस्परविरोधी आले तर तांत्रिक सल्लागार समिती, आणि पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेची मोजणी.

यावर पहिला आक्षेप येईल तो भेंडीबाजारातून. पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून ३३ माणसे मेली. ती पुनर्विकासात घेतलेली होती, काही कुटुंबे हललीही होती, बाकीची राहिली. हक्कांची चर्चा करत बसलात तर छप्पर थांबत नाही, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. माझे उत्तर एवढेच की रिकामे करणे आणि पाडणे हे दोन निर्णय वेगळे आहेत. माणसे आज हलवा, त्यात एक दिवसही गमावू नका. पण माणूस हलत नाही तो हट्टाने नाही. परत येण्याची लेखी हमी नसते आणि शिबिर कुठल्या टोकाला आहे ते त्याला माहीत असते, म्हणून. दुसरा आक्षेप मालकांचा: पाचपन्नास रुपये भाडे देणाऱ्याला कोट्यवधींचे घर कशाला? तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्या भाडेकरूच्या आजोबांनी पागडी मोजली आहे आणि पुढे उपकर भरला गेला आहे, हे त्या हिशेबात धरलेले नसते. आणि तज्ज्ञांचा अहवाल हा अखेरचा शब्द मानावा, तर काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघा. १८६० च्या दशकात लोखंडी सांगाड्यावर उभे राहिलेले हे वॉटसन हॉटेल. १८९६ मध्ये ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट इथे दाखवला गेला. २०१९ मध्ये आयआयटीच्या अहवालाने ते पाडावे म्हटले, आणि वारसा जतनाचे काम करणाऱ्या अभियंत्यांनी ते वाचवता येते म्हटले. सांगाडा दोघांनी एकच पाहिला होता.

म्हणून नोटीस हाती आली तर घर सोडायला उशीर करू नका, पण सोडण्यापूर्वी आपल्या खोलीचे क्षेत्रफळ महापालिकेकडून मोजून, सहीशिक्क्यासह लिहून घ्या. संरचनात्मक तपासणीचा अहवाल कोणी मागवला आणि त्याचे पैसे कोणी दिले हे विचारा; मालकाच्या अभियंत्याचे मत पटत नसेल तर भाडेकरूंनी स्वतःचा अभियंता नेमावा आणि प्रकरण सल्लागार समितीपुढे न्यावे. तशी सोय आहे, आणि ती इमारत उभी असतानाच वापरावी लागते.