ट्रॅक्शन कंट्रोल
* मागची चाकं पकड सोडून जागीच गरगरू लागली, की संगणक ठिणगी तोडून किंवा इंधन आवरून इंजिनाचा जोर क्षणभर उतरवतो. वळणातून बाहेर पडताना, त्यातही ओल्या ट्रॅकवर, हा आधार मोठा. १९९३ साली डोनिंग्टनला पावसात फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर सेना याने गाजवलेली शर्यत ही सोय असलेल्या मॅक्लारेन गाडीतली. त्याला स्वतःला मात्र १९८५चा एस्टोरिलचा विजय थोर वाटे, कारण त्या लोटसमध्ये ही सोय नव्हती. आणि ते पटतं. फॉर्म्युला वनने १९९४मध्ये तिच्यावर बंदी घातली. चोरटा वापर पकडणं कठीण, म्हणून २००१मध्ये ती उठवली. २००८मध्ये सर्व संघांना एकसारखा नियंत्रण-संगणक सक्तीचा झाला, तेव्हा ती बंदी पुन्हा लागू झाली. या यंत्रणेमुळे मागचे टायरही कमी झिजत.