सोयाबीन सोंगणी, गंजी आणि घर-कोठा : सापांपासून बचाव आणि सर्पदंशानंतरची पहिली धावपळ

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात जऊळका परिसरात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आणि त्यात तुरीचे आंतरपीक. सप्टेंबरच्या शेवटापासून सोंगणी सुरू होते आणि पुढचे काही आठवडे शेतात माणसांची गर्दी असते. याच काळात शेतात उंदीर भरपूर असतात, जमिनीला भेगा पडू लागतात, जमिनीलगत सावली दाट असते. सापाला हवे ते सगळे तिथे मिळते. त्यामुळे या दिवसांत साप दिसला तर नवल नाही. प्रश्न एवढाच असतो, की साप जिथे बसला आहे तिथे आपला हात किंवा पाय न पाहता जातो का. हे टाळता आले तर बहुतेक दंश टळतात.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातील बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले आणि सुमारे निम्मे पावसाळी महिन्यांतले आहेत. म्हणून हा विषय आम्ही पीक संरक्षणाइतकाच महत्त्वाचा मानतो.

आपल्या भागात कोणते साप ओळखावेत

साप अनेक जातींचे दिसतात, पण माणसाच्या जिवावर बेतणारे प्रामुख्याने चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भारतात मिळणारी सर्पविषविरोधी लस याच चार सापांच्या विषावर चालते.

घोणस (काही भागात परड म्हणतात) हा सोयाबीनच्या शेतातला सर्वांत धोक्याचा साप. जाड अंग, आखूड शेपटी, चपटे त्रिकोणी डोके आणि पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा. तो पळून जात नाही, वेटोळे करून जागेवर बसून राहतो. वाळलेल्या सोयाबीनच्या रंगात तो असा मिसळतो, की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. चिडला तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडतो. तो आवाज आला की जिथे आहात तिथेच थांबा, आवाज कुठून येतो ते पाहा आणि मग मागे सरका. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तो थेट पिलांना जन्म देतो, एका वेळी वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त. सोंगणीच्या वेळी ही पिले शेतातच असतात आणि तीही विषारी असतात. अजगराचे पिलू किंवा बिनविषारी डुरक्या घोणस समजून कोणी हात लावू नये.

मण्यार शेतापेक्षा घरात जास्त घात करते. काळा-निळसर चकचकीत रंग, त्यावर पांढरे बारीक जोडपट्टे. हे पट्टे डोक्यापासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. तिच्यासारखा दिसणारा कवड्या बिनविषारी असतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. हा फरक वाचायला सोपा आहे, पण रात्री बॅटरीच्या उजेडात करायला फार अवघड. म्हणून पट्टे दिसले की मण्यार समजूनच वागावे.

नाग सर्वांना माहीत आहे, पण तो नेहमी फणा काढत नाही. फणा न काढलेला नाग आणि धामण यांच्यात लोकांची गल्लत होते. धामणीचे डोळे मोठे, मान बारीक आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. ती गाई-म्हशींच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूत चुकीची आहे. सापाच्या तोंडाची रचनाच दूध ओढण्याजोगी नसते. फुरसे लहान, खडकाळ माळावर आढळणारे. ते आठच्या आकड्यासारखे वेटोळे करून खवले घासत करकर आवाज करते.

सोंगणीच्या वेळी

सोंगणी करताना डावा हात झाडाच्या बुडाशी जातो आणि उजव्या हातात विळा असतो. वाकलेल्या माणसाची नजर विळ्यावर असते, डाव्या हाताखाली काय आहे यावर नसते. दंश होतो तो इथेच. सोंगणीचे काम बहुतांशी महिला करतात, तेही चपला घालून किंवा अनवाणी, आणि गुत्त्याने काम असले की घाई असते. शेतमालकाने इथे थोडा खर्च करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. गमबूट आणि जाड हातमोजे यांचा खर्च तणनाशकाच्या एका फवारणीपेक्षा फार नाही. गमबूट नको वाटत असतील तर किमान पूर्ण झाकणारे बूट आणि जाड कापडाची पट्टी गुडघ्यापर्यंत.

तास धरण्यापूर्वी एकाने लांब काठीने पुढचे झाड हलवत जावे. काठीचा आणि पावलांचा हादरा जमिनीतून सापाला कळतो, नाग-धामण निघून जातात. घोणस मात्र बऱ्याचदा हलत नाही, म्हणून काठीनंतरही नजर हवीच. शेत चहूबाजूंनी कापत आत येऊ नका. तसे केले तर उंदीर आणि साप दोन्ही मधल्या उभ्या पट्ट्यात गोळा होतात आणि शेवटच्या तासाला धोका सर्वांत जास्त होतो. एका बाजूने कापत धुऱ्याकडे जावे, म्हणजे त्यांना बाहेर पडायला वाट राहते. हार्वेस्टरने काढणी करतानाही शेवटच्या पट्ट्यामागून पायी चालू नये.

कापलेले सोयाबीन रात्रभर शेतात पेंढ्यांनी पडून असेल तर सकाळी उचलताना हाताने कवेत घेऊ नका, आधी लाकडी आकड्याने उलटा. गंजीवर टाकलेली ताडपत्री उचलताना आपण ज्या बाजूला उभे आहोत त्याच्या विरुद्ध बाजूची कड आधी काठीने वर करावी. पाऊस पडून गेल्यावर तर हे नक्कीच, कारण ताडपत्रीखाली कोरडी आणि उबदार जागा असते. मळणी रात्री करायची वेळ आली तर यंत्राभोवतीच नव्हे, गंजीपर्यंतच्या वाटेवरही उजेड हवा.

पुढे हरभरा-गव्हाला रात्रीच्या लाइटीवर ओलित करताना धोका पुन्हा वाढतो. दांडावर पाणी बदलायला जाताना डोक्याला बांधायची बॅटरी वापरावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि उजेड नजरेसोबत फिरतो. मोबाइलचा टॉर्च एका हातात आणि फावडे दुसऱ्या हातात ही सवय बरी नव्हे. मोटारीची पेटी उघडण्यापूर्वी काठीने ठोकावी.

घर, कोठा आणि परसबाग

साप घरात माणसासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. म्हणून घरातला पहिला उपाय धान्याचा आहे. सोयाबीन, तूर, गहू यांची पोती भिंतीला चिकटवून आणि थेट जमिनीवर ठेवू नका. लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर सोडून थप्पी लावा, म्हणजे मागे झाडता येते आणि उंदरांनी बीळ केले तर दिसते. सांडलेले धान्य आणि कोंबड्यांचे खाद्य संध्याकाळी झाडून घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याला अर्ध्या इंचाहून मोठ्या फटी नकोत. पिले आणि अंडी यांच्यासाठी नाग आणि धामण दोन्ही येतात.

पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या आणि विटांचे ढीग घराच्या भिंतीला टेकून असू नयेत. कुटाराचा ढीग कोठ्याच्या दारातच असतो, तो शक्यतो चार-पाच पावले लांब हलवा आणि अंधारात कुटार काढायला जाऊ नका. न्हाणीच्या मोरीला जाळी बसवा. दाराखालची फट बंद करा. मातीच्या भिंतीतली बिळे सिमेंटने किंवा काचेचे तुकडे मिसळलेल्या मातीने बुजवा, मात्र बीळ रिकामे असल्याची खात्री करून.

परसबागेला लावलेली नायलॉनची बारीक जाळी सैल, जमिनीवर लोळणारी नको. त्यात साप अडकतात आणि सोडवायला गेलेल्या माणसाला चावतात.

झोपण्याबाबत मात्र तडजोड नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते, घशात अडकल्यासारखे होते म्हणून उठतो आणि पापण्या जड होऊ लागतात. घरचे अपचन समजून ओवा देत बसतात आणि मोलाचा वेळ जातो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचा. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे आढळले आहे. गंजीवर जागलीला जाणाऱ्यानेही उघड्यावर जमिनीवर न झोपता खाट किंवा माळा करावा.

बिळात फोरेट टाकणे, रॉकेल ओतणे, फिनाइल किंवा लसणाचे पाणी फवारणे असे उपाय अजूनही सांगितले जातात. साप दूर राहावा म्हणून यातले काहीही भरवशाचे नाही. फोरेटवर तर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि घराजवळ ते वापरणे म्हणजे कोंबड्या, कुत्री आणि लहान मुले यांच्या जिवाशी खेळ.

साप दिसला तर

सापापासून निदान सात-आठ फूट दूर राहा, मुले आणि कुत्रे आत घ्या आणि त्याच्यावरची नजर हलू देऊ नका. अंगणात असेल तर त्याला निघून जायला वाट द्या. खोलीत असेल तर बाहेर पडून दार लावा, दाराखालच्या फटीत ओले पोते दाबा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावाजवळच्या नोंदणीकृत सर्पमित्राला फोन करा. काठीने मारायला जाणाराच पुष्कळदा दंश करून घेतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सापाला मारणे किंवा पकडून ठेवणे गुन्हा आहे. मेलेल्या सापाचे तोंडही हाताळू नये, त्यानंतर काही वेळ ते चावू शकते.

दंश झाल्यावर

घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि दवाखान्याकडे निघा. रुग्णाला चालू किंवा पळू देऊ नका. दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने मोडलेल्या हाडासारखा स्थिर बांधा, पण आवळून नको. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, करदोडा लगेच काढा, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. दोरीने आवळणे, ब्लेडने कापणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे, मिरची किंवा कडुलिंब चावायला देणे यातले काहीही करू नका. घोणसाच्या दंशात रक्त गोठत नाही, त्यामुळे कापलेली जखम वाहतच राहते. मांत्रिकाकडे नेल्यावर बरे झालेले लोक दिसतात, कारण बिनविषारी साप चावलेले आणि विष न सोडता चावलेले दंश खूप असतात. त्यांना काहीच केले नसते तरी ते बरे झाले असते.

१०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकल असेल तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून मागच्याने घट्ट धरावे. उलटी होत असेल किंवा पापण्या मिटत असतील तर चारचाकीत डाव्या कुशीवर झोपवून न्यावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी फोन करून लस आणि डॉक्टर आहेत का विचारा. नसतील तर थेट मालेगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा वाशिमचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. श्वास लागू लागला तर व्हेंटिलेटर लागतो, आणि लघवी कमी झाली तर डायलिसिस. तशी गरज दिसल्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. हे फोन नंबर आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा, त्या रात्री शोधत बसता येत नाही.

सापाला मारून सोबत नेऊ नका. लांबून फोटो निघाला तर ठीक. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्ताच्या साध्या चाचणीवरून ठरवतात : स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवतात, ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. लस शिरेतून देतात, बहुधा सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष वयावर ठरत नाही. लसीची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती घरी किंवा सोय नसलेल्या जागी घेण्याची गोष्ट नाही. काहीच लक्षण नसले तरी निदान २४ तास रुग्णालयात थांबा.

बैल किंवा गाय यांना दंश झाला तर तो बहुधा तोंडावर किंवा पायावर असतो आणि सूज झपाट्याने वाढते. जनावराला बांधून शांत ठेवा, गळ्यातले दावे सैल करा आणि १९६२ वर पशुवैद्यकांना कळवा.

कागदपत्रे

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे. वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेला एक सदस्य, वय १० ते ७५, यांचा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, तर एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करायचा असतो, म्हणून रुग्णालयाच्या नोंदीवर ‘सर्पदंश’ हा शब्द आला आहे ना ते पाहा आणि सर्व कागद जपून ठेवा. सातबारा नसलेल्या मजुराला या योजनेचा आधार नाही. सोंगणीला वाकणारे हात बहुतेक याच घरांतले असतात, तेव्हा गुत्ता ठरवतानाच बूट-हातमोजे कोण देणार आणि दंश झाला तर गाडी कोणाची, हे बोलून घ्या.