खंड, वाटा आणि वर्गणी : स्वतंत्र खेळनिर्मितीच्या साधनांचा अर्थव्यवहार (१९९९–२०२५)

संगणकावरील खेळांचा इतिहास बहुधा प्रसिद्ध खेळांचा अथवा ते विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ज्या साधनांनी हे खेळ रचले जातात, ती साधने या कथनात पडद्याआड राहतात. वस्तुतः एकदोन माणसांनी मोठ्या भांडवलावाचून रचलेले खेळ, ज्यांना व्यवहारात 'इंडी' ही संज्ञा रूढ झाली आहे, आज एवढ्या विपुलतेने निर्माण होतात याचे एक प्रमुख कारण ही साधनेच होत. यांतील बरीचशी साधने नवशिक्याला फुकट अथवा अल्प मोलात मिळतात. तेव्हा ती देणाऱ्याचा चरितार्थ कशावर चालतो, असा एक प्रश्न उद्भवतो. आणि हजारो माणसे एखाद्या साधनाभोवती जमून त्याला आपले का मानू लागतात, हा दुसरा. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. साधनाचा मालक पैसा कोणत्या रीतीने घेतो, यावरच त्याच्याभोवती समुदाय टिकतो की विखुरतो हे मुख्यतः अवलंबून असते.

विवेचनाच्या सोयीसाठी मराठीतील चार जुने शब्द येथे पारिभाषिक अर्थाने योजले आहेत. वस्तू एकदा विकून मालक मोकळा होतो, ती 'किंमत'. ठरावीक मुदतीस ठरावीक रक्कम द्यावयाची, मग पीक येवो अथवा न येवो, तो 'खंड'. उत्पन्न आले तरच त्याचा ठरलेला भाग द्यावयाचा, तो 'वाटा'. आणि सर्वांच्या उपयोगाच्या कार्यासाठी ज्याने त्याने यथाशक्ती द्यावयाची, ती 'वर्गणी'. जमीन कसणाऱ्या कुळाला खंड आणि अर्धेल यांतील भेद समजावून सांगावा लागत नसे; खंडात जोखीम सर्वस्वी कसणाऱ्याची, तर अर्धेलीत ती दोघांची. हाच भेद आपल्या विषयालाही लागू पडतो.

१. विद्यापीठातून बाजाराकडे

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स हे संगणकीय भूमितीचे अभ्यासक. १९९९ मध्ये त्यांनी 'ॲनिमो' नावाचे एक साधन प्रसृत केले. ते मूळचे चित्रांना गती देण्यासाठी होते. पुढे त्याचेच रूपांतर 'गेम मेकर'मध्ये झाले. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही चिन्हे ओढून, एकापुढे एक मांडून खेळाचे नियम सांगता यावेत, अशी त्याची रचना होती. आरंभी ते फुकट होते; नंतर एक मोफत व एक सशुल्क अशा दोन आवृत्त्या निघू लागल्या. २००६ मध्ये ओव्हरमार्स यांनी जेकब हॅबगुड यांच्यासह त्यावर एक पाठ्यपुस्तकही लिहिले. समुदाय जमला तो या अध्यापनाच्या वळणामुळे. एकाने रचलेल्या खेळाची मूळ मांडणी दुसऱ्याने उघडून पाहावी, त्यातील एखादी युक्ती उचलावी, ही पद्धत तेथे सहज रूढ झाली. डेरेक यू यांनी 'स्पेलंकी' हा खेळ २००८ मध्ये याच साधनाने रचून फुकट दिला, आणि पुढे त्याची मूळ रचनाही खुली केली.

२००७ पासून या साधनाचा कारभार 'योयो गेम्स' या कंपनीच्या साहाय्याने चालू लागला. २०१५ मध्ये ही कंपनी 'प्लेटेक'ने आणि २०२१ मध्ये 'ऑपेरा'ने विकत घेतली. या काळात किमतीची जागा हळूहळू खंडाने घेतली. तथापि नोव्हेंबर २०२३ मध्ये मालकाने पुन्हा मागे वळून, अव्यापारी उपयोगासाठी साधन मोफत आणि व्यापारी उपयोगासाठी सुमारे १०० डॉलरांची एकवेळची किंमत, अशी व्यवस्था केली. मासिक खंड राहिला तो मुख्यतः घरगुती खेळयंत्रांसाठी खेळ काढणाऱ्यांपुरता. किंमत, खंड आणि वाटा या एकामागून एक येणाऱ्या अपरिहार्य पायऱ्या आहेत, असा समज यावरून निराधार ठरतो.

२. फुकट दिलेल्या साधनाचे उत्पन्न

'युनिटी'चा उगम कोपनहेगनमधला. तेथील तीन तरुणांनी काढलेल्या कंपनीचा 'गूबॉल' हा खेळ २००५ मध्ये विक्रीत अयशस्वी झाला. परंतु तो रचण्यासाठी घडविलेले साधन हेच विकण्याजोगे आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्याच वर्षी ॲपलच्या परिषदेत युनिटीचे प्रथम दर्शन घडले. २००८ मध्ये आयफोनसाठी खेळ रचण्याची सोय तीत आली, आणि २००९ मध्ये तिची एक आवृत्ती मोफत झाली. हा निर्णय निर्णायक ठरला. पैसे नसलेला विद्यार्थी आता तिच्यावरच शिकू लागला.

उत्पन्नाच्या वाटा तीन होत्या. ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, त्यांच्याकडून खंड. ही मर्यादा दीर्घकाळ वर्षाला १,००,००० डॉलर होती. दुसरी वाट २०१० मध्ये उघडलेल्या सामग्रीच्या दुकानाची. कुणी झाडांची चित्रे करावीत, कुणी ध्वनी, कुणी तयार आज्ञावली. विक्रीतील ७० टक्के करणाऱ्याचे, ३० टक्के कंपनीचे. येथे समुदायातील माणूस एकाच वेळी ग्राहकही झाला आणि विक्रेताही. तिसरी वाट जाहिरातींची व चालू खेळांना पुरवावयाच्या सेवांची. २०२० मध्ये कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले, तेव्हा निम्म्याहून अधिक उत्पन्न या तिसऱ्या वाटेचे होते.

म्हणजे साधन फुकट होते, पण शिकणाऱ्याने त्यात घातलेली वर्षे फुकट नव्हती. त्याचे कौशल्य, त्याने विकत घेतलेली सामग्री, अर्धवट झालेला खेळ हे सर्व त्या एका साधनात अडकलेले असे. समुदायाचे हे भांडवल सहजासहजी दुसरीकडे नेता येत नाही. मालकाचे बळ त्यातच होते, आणि त्याच्यावरील जबाबदारीही.

३. 'इन्स्टॉल' या शब्दाचा अर्थ

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक मर्यादा ओलांडलेला खेळ जितक्या वेळा एखाद्याच्या यंत्रावर बसविला जाईल, म्हणजे 'इन्स्टॉल' होईल, तितक्या वेळा आकार द्यावा लागेल. सर्वांत लहान निर्मात्यांसाठी ही मर्यादा बारा महिन्यांत २,००,००० डॉलरांचे उत्पन्न व एकूण २,००,००० इन्स्टॉल अशी होती, आणि दर इन्स्टॉलमागे ०.२० डॉलर. यापूर्वी प्रसिद्ध झालेले खेळही यातून सुटणार नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे विशेष लक्षणीय वाटते ते असे की, सारा वाद एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला. तोच खेळ त्याच माणसाने पुन्हा बसविला तर तो एक इन्स्टॉल की दोन? चोरून घेतलेली प्रत मोजावयाची काय? पुन्हा बसविलेला खेळही मोजला जाईल असे प्रथम सांगण्यात आले, आणि लागलीच ते फिरविण्यात आले. शब्द साधा, परंतु मोजमापाचे एकक म्हणून तो कधी घडविलाच गेला नव्हता; आणि मोजणार कोण, तर घेणाराच.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हा आकार खंडही नव्हता आणि वाटाही नव्हता. खंडाची रक्कम आधी ठाऊक असते. वाटा उत्पन्नाबरोबर चढतो-उतरतो. हा आकार मात्र उत्पन्नाशी नव्हे, तर खेळाच्या प्रसाराशी बांधलेला होता. एकदा मर्यादा ओलांडली, की स्वस्त खेळ जितका लोकप्रिय, तितका निर्माता अधिक संकटात.

याहून गंभीर बाब अटींची होती. २०१९ मध्ये एका ब्रिटिश कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीने असे आश्वासन दिले होते की, साधनाच्या जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्यास त्या आवृत्तीच्याच अटी लागू राहतील. अटींतील फेरफार सर्वांना पाहता यावेत म्हणून त्यांचा एक जाहीर संग्रहही ठेवला होता. २०२३ च्या पूर्वार्धात ते कलम अटींतून गळले. तत्पूर्वीच तो संग्रहही काढून घेण्यात आला होता. समुदायाचा क्षोभ केवळ पैशासाठी होता असे मानणे म्हणूनच अपुरे आहे. पाया घातल्यावर जमिनीचा करार बदलता येतो, ही जाणीव त्यामागे होती. २२ सप्टेंबरला कंपनीने नवे नियम पुढील आवृत्तीपुरते मर्यादित केले आणि उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांचा पर्याय दिला, म्हणजे ती वाट्याकडे परतली. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये हा आकार संपूर्ण रद्द करून कंपनी पुन्हा खंडावर आली.

४. वर्गणीचे दोन प्रकार

या घटनेचा लाभ ज्याला झाला ते 'गोडो' हे साधन अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी घडविले व २०१४ मध्ये खुल्या परवान्याने सर्वांना दिले. त्याचा परवाना कुणालाही, कसल्याही उपयोगासाठी मोकळा आहे. एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. तेथे उत्पन्न वर्गणीचे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'टेरारिया' या खेळाच्या निर्मात्यांनी गोडोला १,००,००० डॉलर दिले व दरमहा १,००० डॉलर देण्याचे जाहीर केले. 'स्ले द स्पायर'च्या निर्मात्यांनी आपल्या खेळाचा दुसरा भाग गोडोवर रचावयास घेतला. वर्गणीचे उणेही स्पष्ट आहे : ती ओघाने येते आणि ओसरते, तिच्यावर मोठा पगारी वर्ग पोसणे कठीण.

दुसरा प्रकार खेळ मांडण्याच्या जागेचा. लीफ कॉर्कोरन यांनी २०१३ मध्ये काढलेल्या 'इच डॉट आयओ'ने २०१५ पासून आपला वाटा किती असावा हे ठरविण्याचा अधिकार विक्रेत्यालाच दिला. काहीच न ठरविल्यास १० टक्के. वाटेल त्याने शून्य ठेवावा. याच सुमारास 'स्टीम' या मोठ्या बाजाराचा वाटा सर्वसाधारणपणे ३० टक्के होता. २०१८ पासून तेथे १ कोटी डॉलरांपलीकडील विक्रीवर तो २५ व ५ कोटींपलीकडे २० टक्क्यांवर येऊ लागला, म्हणजे सवलत मोठ्याला मिळाली. इचभोवती माणसे जमली ती ठरावीक मुदतीत ठरावीक विषयावर खेळ रचण्याच्या स्पर्धांमुळे. कुणीही अशी स्पर्धा भरवावी, कुणीही तीत उतरावे. २०२० च्या जूनमध्ये वांशिक न्यायासाठी तेथे विकलेल्या एकत्रित संचातून ८० लाख डॉलरांहून अधिक निधी जमला, तो या जिव्हाळ्याच्या बळावर. परंतु जुलै २०२५ मध्ये पैशाची देवघेव करणाऱ्या कंपन्यांच्या दडपणामुळे इचला प्रौढांसाठीचे साहित्य शोधयादीतून काढावे लागले. वाटा विक्रेत्याने ठरविला तरी पैशाचा मार्ग तिसऱ्याच्याच हाती असतो, हे त्यातून उघड झाले.

५. निष्कर्ष

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : फुकट साधन हे दान नसून पेरणी होय, शिकणाऱ्याचे श्रम हे त्यातील बियाणे, आणि पीक कुणी किती न्यावे हा खरा प्रश्न. दुसरी : समुदाय जमतो तो दुसऱ्याच्या कामातून शिकता येते, आपले काम दुसऱ्यापुढे मांडता येते, अशा ठिकाणी, किंमत कमी असणे हे त्यामानाने गौण. तिसरी : निर्माते खंड सोसतात, वाटाही देतात, मागाहून बदलणारा आणि मोजता न येणारा करार ते सोसत नाहीत.

विद्यार्थ्यांनी यातून एक कार्य हाती घ्यावयास हवे. युनिटीच्या अटींच्या जुन्या पाठांच्या प्रती इतरांनी जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच कोणते कलम केव्हा गळले हे दाखविता आले. सनदा आणि करारनामे यांचे पाठ इतिहासकार ज्या काटेकोरपणे ताडून पाहतो, त्याच काटेकोरपणे या अटींचेही पाठ तारीखवार संगृहीत झाले पाहिजेत. त्या बहुधा कुणी वाचीत नाही, आणि बदलल्या तर मागे खूणही राहत नाही. परंतु ज्याच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांचा हिशेब त्यांत बांधलेला असतो, त्याच्यापुरता तोच अस्सल दस्तऐवज होय.