दाना दरीतील तांबे आणि पाखरे

जॉर्डनच्या उजाड डोंगरांतील दाना दरी दीड हजार मीटरांवरून थेट समुद्रसपाटीखाली उतरते. म्हणून माथ्यावरच्या जुनिपरच्या रानातील सिरियन सेरिन हे छोटे पिवळे पाखरू आणि पायथ्याची वाळवंटी पाखरे एकाच दरीत नांदतात. याच पायथ्याशी, फैनानला, रोमनांच्या तांब्याच्या खाणी होत्या. चौथ्या शतकाच्या आरंभी शिक्षा झालेल्या ख्रिस्ती लोकांना तेथे राबविले. कित्येक तेथेच मेले. हीही मजुरांचीच बखर होय!

१९८९ साली दरी राखीव झाली. शेळ्यांच्या चराईवर बंधने आली, पण नुसत्या हुकुमाने भागले नाही. गावकऱ्यांना रखवाली, फळे वाळविणे, दागिने घडविणे अशी कामे द्यावी लागली. २०२१ मध्ये सरकारने तांब्यासाठी एक भाग वगळण्याचे ठरविले. दरी सांभाळणाऱ्या निसर्गसंस्थेने विरोध केला. खाण म्हणजे रोजगार, असे आम्हांस सांगतात. पण किती हातांना, किती वर्षे? आणि रान गेल्यावर रखवालदारांनी कोठे जावे?